एक जूनची जन्मतारीख

कसाल, १२ सप्टेंबर २०२५

यशोदा,

'प्रिय' लिहिणार होते. पण तू म्हणशील, इली मोठी प्रिय म्हणणारी. म्हणून नुसतंच यशोदा.

तीन वर्षं होत आली तुझा आवाज ऐकून. फोन केला की तुझा भाचा सुदेश उचलतो आणि म्हणतो, "आत्या विहिरीर गेली हा." सकाळी विहिरीर, दुपारी विहिरीर, दिवेलागणीलाही विहिरीर. विजयदुर्गात एवढं पाणी कोण पितं गो? शेवटी म्हटलं, पत्र लिहावं. पत्राला विहिरीवर धाडता येत नाही.

आधी कामाचं. आपल्या शाळेतला क्लार्क गुरुदास परवा घरी आला होता. माणूस निवृत्त झाला, पण फायली काही त्याच्या डोक्यातून निवृत्त झालेल्या नाहीत. तो म्हणतो, ज्यांची नेमणूक जुनी पण अनुदान नोव्हेंबर २००५ नंतर आलं आणि म्हणून पेन्शन हुकली, अशांतल्या काहींची प्रकरणं ओरोसच्या शिक्षण कार्यालयात नव्याने बघतायत. तुझंही प्रकरण टाकायचं. १९८२ सालच्या नेमणुकीच्या आदेशाची आणि जन्मदाखल्याची झेरॉक्स पाठव. बाकी सगळं मी बघते.

तुला वाटेल, हिला आत्ताच कसला पुळका आला? पुळका बिळका काही नाही. विश्वेश पुण्याला, सून नोकरीवाली, मी इथे दिवसभर भिंतींना पाढे शिकवते. ओरोसला चार खेपा मारल्या तर तेवढेच गुडघे मोकळे होतील. शिवाय गणिताच्या बाईने अर्ज केला तर त्यात चूक सापडत नाही, हे तुझ्यासारख्या मराठीच्या बाईलाही मान्य करावं लागेल.

आणि हे बघ, त्या दिवशी बँकेतून तू मला एकटीला टाकून निघून गेलीस, त्याच महिन्यात इथली भाड्याची खोली सोडून विजयदुर्ग गाठलंस, ते मी मनात धरलेलं नाही. एवढ्यातेवढ्यावरून माणसं तोडायची तुझी खोड जुनी आहे. जाऊ दे ते.

झेरॉक्स लवकर पाठव.

तुझी
जानकी

ता. क. भाताला कणसं चांगली धरलीत. तुझ्या खोलीसमोरचा सोनचाफा अजून आहे. नवीन भाडेकरूंना त्याची किंमत नाही, फुलं खाली सडतात.


कसाल, ८ ऑक्टोबर २०२५

यशोदा,

पाकीट मिळालं. आत दोन झेरॉक्सा, आणि तिसरं काय असेल म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलं. काही नाही. पत्तासुद्धा सुदेशच्या बायकोने, ऋताने घातलेला. चौतीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला आपण. "मिळालं, पाठवलं" एवढे दोन शब्द लिहायला तुझी शाई संपली होती?

मग मी ऋतालाच फोन केला. पोरगी गुणी आहे, तिला रागावू नकोस. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. चष्म्याचा नंबर बदलायला हवा, पण तू मागत नाहीस. पेपर बंद केलास, शेजाऱ्यांचा कालचा आणून वाचतेस आणि वर म्हणतेस, "बातमी एक दीस मुरली की बरी लागता." सरकारच्या श्रावणबाळ योजनेसाठी अर्ज केला होतास, तो घरातल्या माणसांचं उत्पन्न मोजून परत आला. आणि आंब्याच्या दिवसांत बागायतदाराकडे पेट्यांवर नावं लिहायला जातेस.

हे शेवटचं मला ठाऊक होतं. कसं, ते आता सांगत नाही.

तू माझ्यावर रागावून असशील तर एकदा हिशेब मांडून बघ, मी काय केलं? १४ जून १९८२ ला आपण दोघी एकाच दिवशी शाळेत रुजू झालो. दोघी विनाअनुदानित. १९८९ साली अनुदानाचं एकच पद आलं. नेमणूक एकाच दिवशीची असली की ज्याचं वय जास्त तो ज्येष्ठ, हा नियम मी केलेला नाही. कागदावर माझी जन्मतारीख १ जून १९५८, तुझी १९ ऑगस्ट १९५८. संपलं. कागदावर मी अडीच महिन्यांनी मोठी.

आता ती एक जून गुरुजींनी लावलेली, हे कोणाला ठाऊक नाही? बाबांनी मला शाळेत नेऊन उभी केली, गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का बघितलं, पोचला. लिहिलं एक जून. आमच्या वर्गात एकवीस पोरांचा वाढदिवस एक जून होता. अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्मलाय. मग फाशी एकट्या जानकीला का?

आणि पुढच्या वर्षी दुसरं पद येणार, असं सगळेच म्हणत होते. ते २००७ साली आलं. तोवर पेन्शनीचं दार बंद झालेलं. त्यात माझा काय दोष?

उपाशी तर तू कधी नव्हतीस. तुझ्या घरी भात होता, माझ्याही घरी भातच होता.

अर्ज गुरुदासने नीट लिहिलाय. दिवाळीनंतर ओरोसला जाते.

जानकी


कसाल, ३१ ऑक्टोबर २०२५

यशोदा,

मागचं पत्र फाडून टाकलंस तर बरं होईल. नसशील फाडलंस तर आता फाड.

काल ओरोसला जाऊन आले. साहेब तरुण आहेत, उठून खुर्ची दिली. फाईल उघडून म्हणाले, "मॅडम, हा अर्ज एका गोष्टीवर उभा राहू शकतो. १९८९चं पद मुळात यशोदाबाईंचं होतं, असं दिसलं तर. तुम्ही दोघी एकाच दिवशी रुजू झालात. मग खरोखर मोठं कोण?"

माझ्या पिशवीत माझी पत्रिका होती, यशोदा. पिवळी पडलेली, जोशीबुवांनी हळदकुंकू लावलेली. मार्गशीर्ष पौर्णिमा, शके अठराशे ऐंशी. मी ती घरून मुद्दाम नेली होती. रस्ताभर पिशवीवरून हात फिरवत गेले. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "कागदावर आहे तेच."

बाहेर आले. गुरुदास झाडाखाली उभा होता. त्याने विचारलं, "पत्रिका दिलास?" मी म्हटलं, "साहेब घाईत होते." त्याने माझ्याकडे बघितलं आणि नुसतीच तंबाखू मळली.

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून आता सगळं लिहिते. खोटं बोलून बोलून माझी जीभ जड झालीय गो.

गुरुदास माझ्याकडे आला नव्हता. मी त्याच्याकडे गेले होते. मे महिन्यात विश्वेशला पाठवायला मी देवगडची पेटी मागवली. पेटी आली, झाकणावर लिहिलेलं, श्रीमती जानकी दळवी, कसाल. तुझं अक्षर. तो 'ळ' तू काढतेस तसा दुसरं कोणी काढत नाही. शाळेचा सुविचार तू फळ्यावर लिहायचीस तेव्हा इन्स्पेक्टर थांबून बघायचे. ते अक्षर माझ्या आंब्याच्या पेटीवर. तू माझं नाव लिहिताना काय म्हणालीस मनात? की काहीच म्हणाली नाहीस, पुढची पेटी ओढलीस? मी आंबे पाठवून दिले आणि झाकण ठेवून घेतलं. कपाटावर आहे. चार महिने ते रोज बघून शेवटी गुरुदासकडे गेले.

दुसरं. 'माझा काय दोष' म्हणून मी लिहिलं. दोष सांगते.

बी.एड.च्या वसतिगृहात दत्तजयंतीला तू सुंठवड्याची चिमूट माझ्या तोंडात घालायचीस आणि म्हणायचीस, "खा गो धाकटे, वाढदिवस तुझो." तुझा नागपंचमीचा. चार महिन्यांनी तू मोठी, हे तुला ठाऊक, मला ठाऊक. १९८९च्या पावसाळ्यात माझं लग्न ठरत होतं. दळव्यांची अट, मुलगी कायम नोकरीवर हवी. पत्रिका जुळवायला मी जोशीबुवांची खरी तारीख दिली आणि त्याच आठवड्यात शाळेत एक जून सांगितली. नवऱ्यासाठी खरी, नोकरीसाठी खोटी. दोन्हीकडे जमलं. संस्थेतल्या कोणीतरी शंका काढली तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "यशोदाबाईंची हरकत नाही असं लेखी आणा, नाहीतर पद बाहेरच्या माणसाला जाईल."

मी तुझ्या खोलीवर आले तो दिवस नागपंचमीचा. तुझा वाढदिवस. तू पातोळ्यो उकडत ठेवलेल्या, हळदीच्या पानांचा वास पार पाणंदीपर्यंत येत होता. मी रडत सांगितलं, "लगीन मोडात गो माझा." तू हात पुसलेस आणि म्हणालीस, "रडान काय होता? तू थंय पातोळ्ये बघ, पाणी आटात. मी लिवतंय." लिहून घडी घालून दिलंस. मी उघडूनही बघितलं नाही, लाज वाटली. मग चार पातोळ्यो खाल्ल्या. त्या दिवशी तुला वाढदिवसाचं काही बोलले का, ते आठवत नाही. बोलले नसणार.

तिसरं, बँकेतलं. माझे गुडघे धरलेले म्हणून तू माझ्याबरोबर आलीस, माझी पिशवी तुझ्या हातात. हयातीच्या दाखल्याची ती नोव्हेंबरातली रांग. बँकेतल्या पोराने तुला विचारलं, "बाई, तुमचो दाखलो?" आणि मी, सगळ्या पेन्शनरांसमोर, मोठ्याने म्हटलं, "तिका कोण इचारता, जिती आसा काय मेली ता? सरकाराक तिचो पत्तोच नाय!" सगळे हसले. मीही हसले. तू पिशवी बाकावर ठेवलीस, नीट, आतली पाण्याची बाटली सांडू नये अशी, आणि बाहेर गेलीस. 'एवढ्यातेवढ्यावरून' म्हणाले होते ना मी? हे ते एवढंतेवढं.

उपाशी तू नव्हतीस, हे मी इतकी वर्षं स्वतःला ऐकवत आले. पण काय काय बघितलं ते सांगते. संक्रांतीला वाण द्यायला लागू नये म्हणून तू हळदीकुंकवाला यायची बंद झालीस. लग्नाचं आमंत्रण आलं की तुझं डोकं दुखायचं. पेन्शनर मंडळाची गोकर्णाची सहल ठरली तेव्हा तू म्हणालीस, "माका गाडी लागता," आणि मी म्हटलं, बरं तर. तू बी.एड.ला असताना पन्हाळ्यापर्यंत गाणी म्हणत आलेली बाई. मला कळत होतं. माझ्या घरावर स्लॅब पडला तेव्हा तू सत्यनारायणाला आलीस आणि दाराशीच पायपुसण्यावर घटकाभर उभी राहिलीस. आत यायला तुला मी दोनदा सांगितलं. आधी कधी एकदाही सांगावं लागत नव्हतं.

आता सगळ्यात वाईट. काल पत्रिका बाहेर का काढली नाही? तारीख खोटी ठरली तर माझी पेन्शन बंद होईल, म्हणून. आणि मग मला तुझ्यासारखं जगावं लागेल. तुझं जगणं मी जवळून बघितलंय, म्हणून त्याची भीती मला इतरांपेक्षा जास्त वाटते. हे कोणापुढे बोलायची सोय नाही. तुझ्यापुढेच आहे, बघ.

जानकी


कसाल, २० नोव्हेंबर २०२५

यशोदा,

दिलं. पत्रिका दिली, आणि माझ्या हाताने लेखी जबाबही दिला. माझा जन्म डिसेंबर १९५८ चा, यशोदा मोठी, पद तिचं होतं. गुरुदासच्या समोर सही केली. सही एका दमात उरकली, म्हणून 'जानकी' जरा 'जानका'सारखं झालंय. असो.

हे सगळं आता तुझ्या येण्यावर अडलंय. कसं, ते सांगते.

गुरुदासने शाळेतून १९८९ची फाईल काढून आणली. त्यात तुझा तो कागद होता, पातोळ्यांच्या दिवशीचा. छत्तीस वर्षांनी मी पहिल्यांदा वाचला. मला वाटलं होतं, तू नुसतं 'माझी हरकत नाही' लिहिलं असशील. तू लिहिलंस: "कु. जानकी घाडी या माझ्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत, हे मी त्यांच्या कुटुंबाच्या निकट परिचयामुळे व्यक्तिशः जाणते. त्यांच्या ज्येष्ठतेबद्दल कोणी शंका घेणे अन्यायाचे होईल."

अगो बाय! एवढं कोणी मागितलं होतं तुझ्याकडे? शंका घेणाऱ्याचं तोंड बंद व्हावं म्हणून लिहिलंस, हे मला कळतं. पण ते वाचून मी शाळेच्या व्हरांड्यात, पोरांसमोर, हमसून हमसून रडले. शिपायाने पाणी आणून दिलं.

आता तोच कागद तुझ्या आड येतोय. साहेब म्हणतात, यशोदाबाईंनी स्वतः येऊन तेव्हाचं लिहिणं चूक होतं असं सांगायला हवं. शुक्रवार, २८ नोव्हेंबर, सकाळी अकरा, ओरोस. नोटीस तुला आलीच असेल. ये गो. मला भेटू नकोस, माझ्याशी बोलू नकोस, खुर्ची लांब घे. पण ये आणि खरं सांग. एकदाच सांगायचं आहे.

हयातीचा दाखला यंदा एकटीने देऊन आले. रांगेत कोणी काही विनोद केला नाही.

जानकी


कसाल, ४ डिसेंबर २०२५, दत्तजयंती

यशोदा,

त्या दिवशी तू होतीस, सगळं तुझ्यासमोरच झालं, तरी लिहिते. कारण तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस, आणि मला जे झालं ते तुझ्या नजरेला पडलं की नाही, मला माहीत नाही.

तू वाळली आहेस. ती फिकट हिरवी कॉटनची साडी, आपल्या निरोप समारंभातली. काठ नवीन लावलेत, टाके तुझेच. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ऋता बाहेर बाकावर बसली आणि तू सरळ आत आलीस. "नमस्कार साहेब," शाळा तपासणीला म्हणायचीस तसं. मला वाटलं, आता होईल. इतक्या वर्षांनी एकदाचं होईल.

साहेबांनी दोन्ही कागद पुढे ठेवले. ते चांगले आहेत, त्यांनी लपवलं नाही. म्हणाले, "यशोदाबाई, हे दोन्ही खरे असू शकत नाहीत. जानकीबाईंचा आताचा जबाब धरला तर त्यांची त्यावेळची नेमणूक चुकीची ठरते. त्यांची पेन्शन थांबवायचा आणि दिलेली परत घ्यायचा प्रस्ताव मला वर पाठवावा लागेल. तुम्हाला पेन्शन मिळेल की नाही, ते मात्र मंत्रालय ठरवील. मी शब्द देऊ शकत नाही. आता सांगा, मोठं कोण?"

तू चष्मा काढलास, पदराने पुसलास, परत घातलास. आणि स्वच्छ प्रमाण मराठीत म्हणालीस, "जानकीबाई मोठ्या आहेत. १९८९ साली मी लिहिलं तेच खरं. आता वयोमानाने त्यांचा गोंधळ होतो."

गोंधळ होतो म्हणे! गणिताच्या बाईचा! दुसरी कुठली वेळ असती तर मी तिथल्या तिथे तुझ्याशी भांडले असते.

मी भांडले नाही. हेच लिहायला बसलेय. मी उठून 'साहेब, ही खोटं बोलतेय' म्हणायला हवं होतं. पत्रिका समोर होती, जोशीबुवांचं अक्षर समोर होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण तू बोललीस आणि माझ्या छातीतून एक श्वास बाहेर पडला. हुश्श झालं मला, यशोदा. घर राहिलं, औषधं राहिली, पहिल्या तारखेचा बँकेचा मेसेज राहिला. त्या एका क्षणात मला तू दिसलीच नाहीस. तो हुश्श तू ऐकलास. मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्यानंतरच तू खुर्ची मागे सारलीस.

साहेबांनी फाईल बांधली. "मग माझ्या हातात काही नाही," म्हणाले. त्यांनी माझी पत्रिका दोन्ही हातांनी परत दिली.

स्टँडवर मी तुझ्या मागून लंगडत आले. कणकवलीची गाडी लागायची होती. मी म्हटलं, "कित्याक असा केलंस गो? तुझो हक्क होतो तो." तू पहिल्यांदा माझ्याशी बोललीस, पण नजर गाडीच्या पाटीवर होती. "हक्क माझो हुतो, तेवा छत्तीस वर्सां तो तुझ्या कपाटात रवलो. आता तू काढून दितलंस आणि मी घेतलंय, तर तो तुझो उपकार झालो. तेव्हा खोटा लिवलंय तां तुझ्यासाठी. आज सांगलंय तां माझ्यासाठी. तुझ्या उपकाराखाली माका मरूचा नाय."

मी म्हटलं, "मगे दर महिन्याक मी धाडतंय, अर्धा..."

"धाडलंस तर परत येतला."

गाडी आली. मी तुझं तिकीट काढायला पर्स उघडली, तर ऋताने आधीच पैसे काढले होते. तू चढलीस, खिडकीशी बसलीस, आणि मला वाटलं, एकदा तरी वळशील. तू पिशवी मांडीवर घेतलीस, आतली बाटली सरळ केलीस. गाडी गेली. गुरुदास म्हणाला, "चला बाई, ऊन लागात." मी त्याला म्हटलं, थांब जरा. गाडी वळणाआड गेल्यावरही थांबले.

अर्ज निकाली निघाल्याचा कागद काल आला. तुलाही येईल. मला पेन्शन चालू राहणार आहे. हे वाक्य लिहिताना आनंद होत नाही, पण खोटं कशाला सांगू, निश्चिंत वाटतं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी वाटू शकतात, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. इतकी वर्षं मी तुला गरीब समजत होते आणि स्वतःला तुझी मैत्रीण. दोन्ही चुकलं.

आज सकाळी दत्ताच्या देवळात गेले. पाळणा झाला, सुंठवडा वाटला. पुजाऱ्याने हातावर घातला आणि म्हणाला, "आवशी, सावकाश." सगळ्यांची आई झालेय मी आता, सगळे आवशीच म्हणतात. मी ती चिमूट हातात धरून उभी राहिले, कोणी 'खा गो धाकटे' म्हणेल म्हणून नाही, तेवढी खुळी नाही मी. पण तसं म्हणणारी या जगात एकच बाई होती, आणि ती त्या कार्यालयात दोन वाक्यांत मला कायमची मोठी करून गेली.

सोबत सुंठवड्याची पुडी आहे. देवाचा आहे, माझा उपकार नाही. तरीही नको असेल तर परत पाठव, माझी तक्रार नाही. फक्त पाकिटावर माझा पत्ता ऋताला घालायला लावू नकोस. तुझ्या हाताने घाल.

तुझी धाकटी
जानकी